एक मिलिमीटरपेक्षा बारीक धमनी जोडायची कशी? सुटे टाके, सलग टाका, कपलर आणि बाकीचे मार्ग

परळचा_रजिस्ट्रार

मंडळी, नमस्कार. मुंबईतल्याच एका मोठ्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी शिकतोय. आमच्याकडे तुटलेली बोटं फार येतात. पॉवर प्रेस, कटिंग मशीन, लोकलचा दरवाजा, कारणं तीच तीच. बोटातली धमनी मुळाशी साधारण एक मिलिमीटरची असते, नखाकडे पोचेपर्यंत अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी उरते. ती जोडायचे मार्ग पुस्तकात अर्धा डझन आहेत आणि प्रत्येक वरिष्ठांचा आवडता मार्ग वेगळा.

माझं मत आधी मांडतो, मग खुशाल खोडा. बोटासाठी मागच्या भिंतीपासून सुरुवात करून सुटे टाके घालायचे, हीच पद्धत पहिल्यांदा शिकवायला हवी. सध्या बहुतेक ठिकाणी आधी शिकवतात ती वेगळी: दोन बाजूंना आधाराचे टाके, मग पुढची भिंत, मग धमनीची टोकं धरून ठेवणारा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, उलटा करून मागची भिंत. सरावाच्या उंदराच्या मांडीत हे सुरेख जमतं, कारण तिथे धमनी मोकळी असते, दोन्हीकडे लांबी मिळते. बोटात ती हाडाला चिकटून, आखूड आणि बारीक फांद्यांनी जखडलेली. उलटायला गेलं की पीळ बसतो आणि नुकताच घातलेला टाका भिंत फाडून हातात येतो.

मागून सुरुवात केली तर पहिला टाका सगळ्यात खोल जागी पडतो आणि मग दोन्ही बाजूंनी वर येत जायचं. धमनी उलटावी लागत नाही. शेवटपर्यंत आतलं अस्तर डोळ्यांसमोर राहतं. वरचे शेवटचे दोन-तीन टाके नुसते ओवून ठेवायचे, आत एकदा डोकावायचं, मग गाठी मारायच्या.

रोज हे काम करणाऱ्यांनी अनुभव लिहा. इतरांचंही स्वागत आहे.

---

नवखा_इंटर्न

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

जबड्याचा_डॉक्टर

चांगला विषय. पण 'बारीक धमनी' म्हणताना तुम्ही फक्त बोटच धरलंय. आमच्याकडे तंबाखूने जबडा गेलेले रुग्ण. पायातलं फिब्युला हाड धमनी-शिरांसकट काढायचं, त्याला जबड्याचा आकार द्यायचा आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडायचं. इथे धमनी दोन-तीन मिलिमीटरची. सलग टाका आम्ही सर्रास घालतो. वेळ वाचतो, गळती कमी होते. दोन तोंडांच्या आकारात फारच तफावत असली तर एकीच्या कुशीला भोक पाडून दुसरी तिथे जोडतो.

कपलरबद्दल: शिरेसाठी मी तो आनंदाने वापरतो. दोन छोट्या कड्या, त्यांना बारीक खिळे. शिरेची भिंत कडीतून ओढून बाहेर दुमडायची, खिळ्यांवर बसवायची आणि दोन्ही कड्या एकमेकींत दाबायच्या. अस्तराला अस्तर भिडतं आणि आत एकही धागा राहत नाही. टाक्यांना अर्धा तास लागेल तिथे काही मिनिटांत काम होतं. तेव्हा त्याला नुसतं महागडं खेळणं म्हणून झटकू नका.

---

परळचा_रजिस्ट्रार

@जबड्याचा_डॉक्टर, शिरेबद्दल पूर्ण सहमत. पण धमनीची भिंत जाड आणि स्नायूंची, ती बाहेर दुमडायला तयार होत नाही. ओढली की खिळ्यावर चिरते. शिवाय कपलरची मापं एक मिलिमीटरपासून सुरू होतात. अर्ध्या मिलिमीटरच्या धमनीला तो उपयोगाचाच नाही. आणि सलग टाका एवढ्या बारीक धमनीत घातला की धागा ओढताना बटव्याच्या नाडीसारखं तोंड आवळलं जातं. लहान मुलांत तर आणखी एक अडचण: सुट्या टाक्यांमधून धमनी वयाबरोबर रुंदावू शकते, सलग धागा तिला तेवढी मोकळीक देत नाही.

---

इतिहासवेडी

या धाग्याला थोडी पार्श्वभूमी. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिऑं शहरात सुऱ्याने वार झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली आणि ती शिवता येईल असं तेव्हाच्या सर्जनना वाटत नव्हतं. ते गेले. त्याच शहरात अलेक्सिस कॅरेल वैद्यकीचं शिक्षण घेत होता. त्याच्या मनाने हे घेतलं. भरतकाम करणाऱ्या बाईंकडून तो बारीक सुईने शिवायला शिकला आणि १९०२ मध्ये त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली. गोल तोंडावर समान अंतरावर तीन टाके घालायचे, ते तीन दिशांना ताणायचे, की गोलाचा त्रिकोण होतो. मग एकेक बाजू सरळ शिवणीसारखी शिवायची. समोरची भिंत मागच्या भिंतीला चुकून टाचली जायची भीती त्यामुळे गेली. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

पण हे सगळं उघड्या डोळ्यांनी. मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिनी जोडायचं श्रेय १९६० मध्ये अमेरिकेतल्या जेकबसन आणि सुआरेझ यांना. कानाचे डॉक्टर तोवर कितीतरी वर्षं मायक्रोस्कोप वापरत होते! त्यानंतर सगळं भराभर झालं. १९६२ मध्ये बॉस्टनला एका मुलाचा पूर्ण तुटलेला हात जोडला, १९६३ मध्ये शांघायला चेन झोंगवेई यांनी एका कामगाराचा हात जोडला आणि १९६५ मध्ये जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा.

---

मेघना_डोंबिवली

सुंदर प्रतिसाद. भरतकामाची गोष्ट मुलीला वाचून दाखवली.

एक शंका. घाटकोपर स्टेशनवर २०१४ मध्ये एका मुलीचे दोन्ही हात गेले होते आणि २०२० मध्ये परळला तिच्यावर हातांचं प्रत्यारोपण झालं. ते याहून अवघड नाही का?

---

जबड्याचा_डॉक्टर

@मेघना ताई, एकूण शस्त्रक्रिया म्हणून नक्कीच अवघड. हाडं, स्नायूबंध, मज्जातंतू, शिवाय शरीराने परका हात नाकारू नये म्हणून कायमची औषधं. पण नुसत्या धमनीपुरतं बघितलं तर मनगटापाशी ती दोन मिलिमीटरच्या पुढची असते. बोटाच्या टोकाची धमनी हाताला कितीतरी जास्त त्रास देते.

---

पवईकर

मी इंजिनिअर, वैद्यकातला नाही. पण नळीतून द्रव वाहतो तेव्हा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या धमनीत टाक्यांनी तोंड जरा जरी आवळलं तरी परिणाम प्रचंड. या हिशेबाने टाके जितके कमी तितकं बरं. मग एक टोक दुसऱ्यात सरकवून दोन-तीन टाक्यांत काम करायची जी स्लीव्ह पद्धत आहे, ती सर्वात चांगली ठरायला हवी ना?

---

शिवाजीपार्ककर

निवृत्त आहे, पण या विषयावर गप्प बसवत नाही. आयुष्य यात गेलं.

@पवईकर, तुमचा नियम बरोबर, पण तो लांबलचक, एकसारख्या नळीचा. इथे अरुंद जागा आहे टाक्याच्या रेषेपुरती, केसाच्या रुंदीएवढी. तेवढ्याने प्रवाह सोळा पटींनी पडत नाही. जोड बंद पडतो तो गुठळीने. आणि गुठळी धरते ती फाटलेल्या अस्तरावर, आत लोंबणाऱ्या बाहेरच्या आवरणाच्या तंतूंवर, नाहीतर मागच्या भिंतीला अडकलेल्या टाक्यावर.

स्लीव्ह मी करून पाहिली आहे. हृदयाकडचं टोक बोटाकडच्या टोकात सरकवायचं, रक्ताच्या वाहत्या दिशेने. आत धागा दिसत नाही, काम लवकर होतं, हे खरं. पण त्यासाठी लांबी जास्त लागते आणि तुटलेल्या बोटात लांबीचीच तर चणचण. आणि धमनी आखडली की आत गेलेलं टोकच वाट अडवून बसतं. मोठ्या, सैल धमनीत ठीक. बोटात नको.

आता @रजिस्ट्रार, तुमच्याशी भांडण. मागून सुरुवात की पुढून, यावर तुम्ही एवढं लिहिलंत आणि टोकं कशी तयार केलीत यावर एक ओळ नाही. एक टाका वेडावाकडा पडला म्हणून गेलेलं बोट मी क्वचित पाहिलं. खराब धमनी सुरेख टाक्यांनी जोडली म्हणून गेलेली बोटं मात्र खूप पाहिली. प्रेसमध्ये चिरडलेल्या किंवा खेचून तुटलेल्या बोटात धमनी बाहेरून धडधाकट दिसते. मायक्रोस्कोपची ताकद वाढवा आणि तोंडात बघा. अस्तर सुटून लोंबत असेल, भिंतीत रक्ताचे ठिपके असतील, तर कापा. अजून ठिपके दिसले तर अजून कापा. धमनी स्प्रिंगसारखी वेटोळी झाली असेल तर ती खेचली गेलेली आहे, तिच्यावर अजिबात विसंबू नका.

मग हृदयाकडचा क्लॅम्प सोडा. रक्त पिचकारीसारखं उडालं पाहिजे. नुसतं ओघळलं तर सुईला हात लावू नका. आधी रुग्णाचं ब्लडप्रेशर बघा, अंगावर ऊब द्या, आखडलेली धमनी सैल करणाऱ्या पापावरीनचे थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. तरीही उडालं नाही तर आणखी मागे कापा. मधे अंतर पडलं तर मनगटाच्या आतल्या बाजूची बारीक शीर काढा, उलटी फिरवा, म्हणजे तिच्यातल्या झडपा रक्ताला अडवणार नाहीत, आणि मधे लावा. दोन जोड करावे लागले तरी चालतील. ताणून केलेला एक जोड टिकत नाही.

---

परळचा_रजिस्ट्रार

सर, प्रतिसाद जपून ठेवतोय. पिचकारी आम्हीही बघतो. पण एक प्रामाणिक अडचण सांगतो. पहाटे तीन वाजता, चौथं बोट जोडताना 'आणखी कापा' म्हणजे शिरेचा तुकडा आणि आणखी एक तास. तो मोह आवरायला वरिष्ठ शेजारी असावे लागतात. पद्धत शिकवता येते, हे धैर्य कसं शिकवायचं?

---

हिरवा_गाऊन

महापालिकेच्या रुग्णालयात ओटी सिस्टर होते. शिवाजीपार्ककर सरांच्या एकेका वाक्याला +१.

टेबलाच्या या बाजूने थोडं लिहिते. दहा-शून्यचा धागा वीस ते तीस मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक. सुई उघड्या डोळ्यांना पापणीच्या तुटलेल्या केसासारखी दिसते. पाकीट उघडलं की ती मी हाताने कधीच काढत नसे. धागा चिमट्यात धरून अलगद उचलायचा, सुई लोंबत ठेवायची आणि मायक्रोस्कोपच्या उजेडात सर्जनच्या चिमट्याखाली न्यायची. पंख्याचा झोत, कुणाची शिंक, कोरडा हातमोजा, काहीही पुरतं ती हरवायला. मग सगळे जागच्या जागी उभे आणि ओटीतले मामा टॉर्च घेऊन खाली.

धमनीच्या मागे निळ्या किंवा हिरव्या रबराचा छोटा तुकडा सरकवतात. त्यावर काळा धागा उठून दिसतो. आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचं सलाईन हळू सोडायचं, तोंड उघडं राहील एवढंच. जोरात मारलं की अस्तर उचकटतं. आमच्या युनिटमध्ये नवे डॉक्टर टाक्यांची घाई करायचे, आणि जुने मॅडम आधी अर्धा वेळ नुसतं टोक साफ करण्यात घालवायच्या. त्यांची बोटं जास्त गुलाबी व्हायची. मी आकडे ठेवले नाहीत, पण डोळ्यांनी बघत होते.

---

वालीव_प्रेसशॉप

डॉक्टर मंडळींच्या गप्पांत मधेच येतो. वसईला माझा गाळा आहे, चार प्रेस आहेत. शेजारच्या गाळ्यात एका मुलाचं बोट गेलं. कुणीतरी ते थेट बर्फाच्या पिशवीत टाकलं. पुढे ते जोडता आलं नाही. बोट न्यायचं कसं, हे इथे कुणीतरी एकदा नीट लिहा. आम्हाला टाक्यांपेक्षा ते जास्त लागतं.

---

हिरवा_गाऊन

@वालीव दादा, बरं झालं विचारलंत. बोट वाहत्या पाण्याखाली घासू नका. सलाईनमध्ये, नसेल तर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडात गुंडाळा. ते कोरड्या प्लास्टिक पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा. ती पिशवी बर्फ आणि पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. बर्फ थेट बोटाला लागता कामा नये, पेशी गोठून मरतात. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरा. दोरी किंवा तार आवळू नका, हळद-पावडर काही लावू नका. कातडीने लोंबत असेल तर तोडू नका. माणसाला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यायची असते.

---

जबड्याचा_डॉक्टर

सिस्टरांच्या लिखाणात भर: बोटात स्नायू नसतो, म्हणून ते तग धरतं. असं थंड ठेवलेलं बोट चोवीस तासांपर्यंतही जोडण्याजोगं राहू शकतं, नुसतं तसंच ठेवलेलं साधारण बारा. हात कोपरावर तुटला असेल तर मात्र स्नायू सहा तासांच्या आसपास मरायला लागतात. तेव्हा निघण्यापूर्वी फोन करा आणि मायक्रोसर्जरी होते अशाच ठिकाणी थेट जा. तीन दवाखाने फिरत हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यात जो वेळ जातो, तो कुठल्याही पद्धतीने भरून निघत नाही.

---

वालीव_प्रेसशॉप

छापून प्रेसच्या वर लावतो. हिंदीतही करून घेतो, मुलं बहुतेक उत्तरेकडची आहेत.

---

जोडअंगठा

माझा उजवा अंगठा जोडलेला आहे. कुठली पद्धत वापरली ते मला माहीत नाही, आणि डॉक्टरांना विचारायचं तेव्हा सुचलंही नाही. नंतरचं सांगतो. खोलीतला एसी बंद, बोटावर दिवा, सिगरेट सक्त मना, चहाही बंद. दर तासाला सिस्टर येऊन अंगठा दाबून रंग किती वेळात परत येतो ते बघायच्या. तिसऱ्या दिवशी तो जांभळा पडला आणि त्यांनी जळवा लावल्या! घरच्यांनी तोंडं फिरवली, मला मात्र काही दुखलं नाही. दोन दिवसांत रंग परतला.

अजून थंडीत ठणकतो. शर्टाची बटणं लावता येतात, पेन धरता येतं. फिजिओथेरपी कंटाळवाणी असते, पण सोडू नका एवढंच सांगेन.

---

नवखा_इंटर्न

जळवा?? आजही?

---

शिवाजीपार्ककर

आजही. जांभळं म्हणजे रक्त आत येतंय, बाहेर जायला वाट नाही. धमनी चालू, शीर बंद. जळू साचलेलं रक्त शोषते आणि तिच्या लाळेतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या हिरुडिनमुळे ती सुटल्यावरही जखम काही तास झिरपत राहते. तेवढ्या दिवसांत नव्या बारीक शिरा तयार होतात. जळवांच्या पोटातल्या जंतूंसाठी अँटिबायोटिक मात्र द्यावंच लागतं. नखाजवळच्या तुकड्यात कित्येकदा जोडण्याजोगी शीर सापडतच नाही, तिथे एक धमनी जोडायची आणि पुढचं काम जळवांवर सोडायचं. फिकं पांढरं पडलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा धमनी बंद, जळू लावून काही होत नाही, परत ओटीत.

---

पवईकर

लांबीचा मुद्दा पटला. मग गोंदाचं काय? रॉकेट जोडतो आपण, धमनीला टाकेच का?

---

परळचा_रजिस्ट्रार

प्रयोग झालेत. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी उंदरांत एक छान युक्ती केली. पोलोक्सामर नावाचं जेल कोमट केलं की घट्ट होतं. ते धमनीच्या तोंडात भरायचं, तोंड गोल उघडं राहतं, मग बाहेरून गोंद. थंड झालं की जेल विरघळून रक्तात वाहून जातं. टाक्यांपेक्षा कितीतरी वेगात जोड झाला. पण रोजच्या ओटीत ते अजून आलेलं नाही. साधा गोंद लावला तर भीती ही की एक थेंब आत गेला की संपलं. यंत्रमानवाचे हातही आलेत. नेदरलँड्समध्ये मास्त्रिख्तला बारीक लसिकावाहिन्या (लिम्फच्या नळ्या) शिरेला जोडायला ते वापरले. हाताची थरथर गाळली जाते. पण खराब टोक ओळखायचं काम त्यांच्याही मागे बसलेल्या सर्जनचंच.

---

जबड्याचा_डॉक्टर

लसिकावाहिन्यांवरून आठवलं. जपानच्या इसाओ कोशिमांनी ०.३ ते ०.८ मिलिमीटरच्या वाहिन्या जोडायची जी शाखा उभी केली, तिथली एक युक्ती बोटाच्या टोकालाही कामाची. तोंडात जाडसर नायलॉनचा तुकडा घालून ठेवायचा, त्याच्याभोवती टाके घालायचे. मागची भिंत चुकून टाचली जातच नाही. शेवटचे टाके आवळण्यापूर्वी तुकडा काढून घ्यायचा. रजिस्ट्रार, तुमच्या मागून-सुरुवातीला हा जोडा द्या.

---

नवखा_इंटर्न

सराव कशावर करू? उंदीर मिळणं कठीण आहे.

---

हिरवा_गाऊन

कोंबडीची तंगडी. मांडीच्या हाडालगत धमनी असते, एक ते दोन मिलिमीटर. बाजारातली ताजी आणायची. आमचे डॉक्टर सकाळी दादरहून आणायचे आणि दुपारपर्यंत खोलीभर वास.

---

मेघना_डोंबिवली

आणि मग रस्सा? 😀

---

हिरवा_गाऊन

शाई आणि नायलॉनचे तुकडे असतात हो त्यात! कचऱ्यात.

---

शिवाजीपार्ककर

मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर रजिस्ट्रार म्हणतील म्हातारा टाळतोय. शिकवण्याचा क्रम माझ्या मते असा. आधी तंगडीवर उलटवून जोडायची पद्धत, कारण तिच्यात हाताला वळण लागतं आणि मागची भिंत मागूनही दिसते, म्हणजे चूक कळते. त्यातच कॉबेट या सर्जनची सुधारणा: पहिले दोन टाके समोरासमोर न घालता १२० अंशांवर. मागचा भाग लांब राहतो, सैल पडून खाली झुकतो, सुईच्या वाटेतून दूर जातो. हे जमलं की लगेच, त्याच आठवड्यात, मागून सुरुवात. आणि तीसुद्धा मोकळ्या धमनीवर नको. तंगडीतली धमनी न सोडवता, खोल, आखूड ठेवून, एका बाजूला पुठ्ठ्याची भिंत उभी करून. बोटात हात असाच अडतो.

धैर्याचं विचारलंत. सरावातच निम्म्या वेळा टोक चिमट्याने मुद्दाम चिरडून ठेवा आणि शिकणाऱ्याला सांगू नका. त्याने न कापता जोडलं तर जोड उभा चिरून आतलं फाटलेलं अस्तर दाखवा. तीन वाजता कापायचं धैर्य दुपारच्या सरावातून येतं.

---

परळचा_रजिस्ट्रार

सर, हे आमच्या विभागात मांडतो. 'पहिली हीच' हा माझा हट्ट मागे घेतो. बोटावर हात ठेवण्यापूर्वी ती आलीच पाहिजे, एवढं मात्र धरून ठेवतो.

---

नवखा_इंटर्न

शेवटचं. अर्ध्या मिलिमीटरला टाके किती?

---

शिवाजीपार्ककर

अकरा-शून्यने चार ते सहा. एक मिलिमीटरला दहा-शून्यने सहा ते आठ. सुई कडेपासून भिंतीच्या जाडीच्या साधारण दुप्पट अंतरावर, काटकोनात आत. गाठ मारताना दोन कडा भेटल्या की थांबा, आवळू नका. क्लॅम्प सोडल्यावर थोडं झिरपेल, ओलं कापसाचं बोळकं ठेवून थांबा, लगेच जास्तीचा टाका घालू नका. मग जोडाच्या पलीकडे दोन चिमट्यांनी धमनी दाबा, पुढचा चिमटा सरकवून मधला भाग रिकामा करा, जोडाकडचा सोडा. झटकन भरली तर चालू आहे. आणि हे एकदाच करा. दर मिनिटाला चिमटे लावत बसलात तर चांगलं अस्तर तुम्हीच चिरडाल.